निरीक्षणापासून पुराव्यापर्यंत : महाड परिसरातील विंचूदंश संशोधन, गुदाशयाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि तोलाचे विकार

सारांश

वैद्यकीय संशोधन हे महानगरातील मोठ्या संस्थांचे कार्य होय, असा समज शिक्षणक्षेत्रात रूढ आहे. रायगड जिल्ह्यातील महाड व पोलादपूर या तालुक्यांत विंचूदंशावर झालेले संशोधन या समजाला छेद देते. प्रस्तुत लेखात या संशोधनाचे स्वरूप स्पष्ट करून, त्याची तुलना गुदाशयाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया आणि तोल जाण्याचा विकार या क्षेत्रांतील दोन संशोधनांशी केली आहे. तीनही ठिकाणी प्रारंभ एका चिकित्सकाच्या निरीक्षणातून झाला. परंतु निरीक्षण आणि पुरावा यांतील अंतर तिघांनी वेगवेगळ्या मार्गांनी कापले. या मार्गांचा विचार हा लेखाचा मुख्य विषय आहे.

बीजशब्द : विंचूदंश, प्राझोसिन, तुलनागट, यादृच्छिक चाचणी, गुदाशयाचा कर्करोग, तोलाचे विकार.

प्रस्तावना

मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेकडे येताना महाडच्या अलीकडे सावित्री नदीच्या काठी दासगाव लागते. एका बाजूस खाडी आणि दुसऱ्या बाजूस डोंगरउतार, अशी या गावाची रचना आहे. जुलै २००५ मधील अतिवृष्टीत दासगाव आणि महाड तालुक्यातीलच जुई, रोहन व कोंडिवते या गावांत दरडी कोसळून मोठी जीवितहानी झाली. त्या आपत्तीची नोंद साऱ्या राज्याने घेतली. मात्र याच डोंगरउतारांवर, दगडी बांधांत, पेंढ्याच्या उडवीत आणि लाकूडफाट्यात दुसरे एक संकट पिढ्यान्‌पिढ्या दडलेले होते. ते एकेका घरावर कोसळत असे. त्याची बातमी होत नसे.

हे संकट म्हणजे लाल विंचवाचा दंश. भारतीय लाल विंचू जुन्या वैद्यकीय लेखनात बुथस टॅम्युलस, नंतर मेसोबुथस टॅम्युलस आणि आता हॉटेनटोटा टॅम्युलस या नावाने ओळखला जातो. कोकणातील उष्ण व दमट हवामान आणि जांभ्या दगडाची भूमी त्याला मानवते. गवत उचलताना, दगड हलविताना, अंधारात पायात चप्पल घालताना दंश होतो. दंशानंतर काही तासांतच धडधाकट मुलाच्या तोंडातून फेस येऊ लागतो, श्वास लागतो आणि मृत्यू ओढवतो, हा अनुभव या भागातील अनेक कुटुंबांना होता.

कोकणातील या मृत्यूंकडे वैद्यकशास्त्राचे मुळीच लक्ष गेले नव्हते, असे म्हणता येणार नाही. विंचूदंशानंतर फुप्फुसात पाणी होते, हे मुंडले यांनी १९६१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये नोंदविले होते. त्याच विषयावर गायतोंडे व सहकाऱ्यांचे टिपण १९७८ मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाले. मृत्यू कशाने होतो, याची कल्पना अशा प्रकारे आली होती. तो टाळावा कसा, याचे उत्तर मात्र मिळाले नव्हते. ते उत्तर कसे मिळाले आणि ते उत्तर खरे आहे हे कसे ठरले, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. प्रस्तुत लेखात दोहोंचा क्रमाने विचार केला आहे.

विंचवाचे विष आणि शरीरातील वादळ

विंचवाच्या विषात लहान प्रथिनांचे मिश्रण असते. यांतील प्रमुख प्रथिने चेतापेशींच्या आवरणावरील सोडियम वाहिन्यांवर परिणाम करतात. चेतापेशीत संदेश निर्माण होताना या वाहिन्या क्षणभर उघडतात आणि लगेच मिटतात. विषामुळे त्या वेळेवर मिटत नाहीत. परिणामी पेशी पुन:पुन्हा संदेश पाठवीत राहते. याच विषातील आयबेरियोटॉक्सिन हे प्रथिन पोटॅशियमच्या एका विशिष्ट प्रकारच्या वाहिन्या बंद करते. आज जगभरातील प्रयोगशाळांत पोटॅशियम वाहिन्यांच्या अभ्यासासाठी हे प्रथिन साधन म्हणून वापरले जाते. कोकणात प्राण घेणाऱ्या विषाचाच एक अंश शास्त्रज्ञांच्या हातातील उपकरण ठरला आहे.

या विषाचा सर्वाधिक आघात स्वायत्त चेतासंस्थेवर होतो. हृदयाचे ठोके, रक्तवाहिन्यांचे आकुंचन, घाम, लाळ इत्यादी अनैच्छिक क्रियांचे नियंत्रण ही संस्था करते. तिचे अनुकंपी आणि परानुकंपी असे दोन भाग आहेत. दंशानंतर प्रथम परानुकंपी भाग उद्दीपित होतो. उलट्या होतात, सर्वांगास दरदरून घाम सुटतो, लाळ गळते, नाडी मंद होते आणि पुरुष रुग्णांत शिश्नाचा ताठरपणा दिसतो. हा टप्पा अल्पकाळ टिकतो. त्यानंतर अनुकंपी भागाचे वादळ सुरू होते व ते दीर्घकाळ चालते. अॅड्रेनलिनसारखी द्रव्ये रक्तात मोठ्या प्रमाणावर मिसळतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हातपाय गार पडतात, रक्तदाब वाढतो. आवळलेल्या वाहिन्यांच्या विरोधात रक्त ढकलताना हृदयाचा डावा कप्पा थकतो आणि रक्त मागे फुप्फुसात साचू लागते. फुप्फुसात पाणी होते ते या क्रमाने.

हा क्रम एकदा लक्षात घेतला म्हणजे पूर्वीचे उपचार अपुरे का पडत होते, हेही उलगडते. गुंगी आणणाऱ्या औषधांचे मिश्रण श्वसन अधिक मंद करीत असे. अॅट्रोपिन हे औषध परानुकंपी भागास रोखते. त्यामुळे घाम व लाळ थांबल्याने रुग्णास आराम पडल्याचा भास होई, परंतु अनुकंपी वादळास मोकळे रान मिळे. स्टेरॉइडचा मूळ बिघाडाशी संबंधच नव्हता. उपचार लक्षणांवर होत होते. लक्षणे निर्माण करणारी साखळी अस्पर्श राहत होती.

बिरवाडी : निरीक्षणाचा टप्पा

या साखळीकडे वैद्यकशास्त्राचे लक्ष वेधण्याचे मोठे श्रेय डॉ. हिम्मतराव बावस्कर यांना दिले जाते. त्यांचा जन्म १९५१ मध्ये जालना जिल्ह्यातील देहेड या गावी झाला. नागपूर येथे वैद्यकीय पदवी घेतल्यानंतर १९७६ मध्ये ते महाड तालुक्यातील बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झाले. विंचूदंशाचे रुग्ण दगावताना पाहण्याचा अनुभव त्यांना तेथे आला.

प्राथमिक आरोग्य केंद्रात अतिदक्षता विभाग नव्हता. तथापि, संशोधनाच्या दृष्टीने एक अनुकूलता होती. रुग्ण दंशानंतर लवकर पोहोचत आणि एकच चिकित्सक त्यांना आरंभापासून अखेरपर्यंत पाहत असे. मोठ्या रुग्णालयात येणारा रुग्ण बहुधा उशिरा येतो. त्याच्या आजाराचा पहिला अंक तेथील चिकित्सकास दिसतच नाही. विंचूदंशात तो पहिला अंकच निर्णायक होता. रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांची उष्णता यांच्या नोंदी ठेवल्यानंतर एक आकृतिबंध दिसू लागला. ज्या रुग्णांना केवळ तीव्र वेदना होत्या, ते सहसा बरे होत. ज्यांना उलट्या, सर्वांगास घाम, शिश्नाचा ताठरपणा आणि हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसत, त्यांच्यापैकी अनेकांच्या हृदयावर पुढे परिणाम होत असे. हृदयविकाराची पूर्वसूचना देणाऱ्या या लक्षणांवरील त्यांचा लेख १९८२ मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाला.

या लेखात नवे औषध नव्हते, तरीही त्याचे महत्त्व मोठे आहे. कोणता रुग्ण घरी पाठवावा आणि कोणाजवळ रात्रभर बसावे, हे ठरविण्याचे साधन त्यामुळे मिळाले. थर्मामीटर व रक्तदाबमापक यांपलीकडे काहीही नसलेल्या केंद्रातही ते वापरता येण्याजोगे होते. पुढे या निरीक्षणांच्या आधारे दंशाच्या तीव्रतेच्या श्रेणी ठरविण्यात आल्या. पहिल्या श्रेणीत केवळ स्थानिक वेदना, दुसरीत स्वायत्त चेतासंस्थेचे वादळ, तिसरीत फुप्फुसात पाणी आणि चौथीत रक्ताभिसरण कोसळण्याची अवस्था. या श्रेणींचे पद्धतीशास्त्रीय महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

प्राझोसिन : कारणावर बोट

पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. पूर्ण करून डॉ. बावस्कर पुन्हा महाड परिसरात परतले. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणे, ही उपचाराची दिशा एव्हाना स्पष्ट झाली होती. प्रारंभी सोडियम नायट्रोप्रुसाइड हे औषध शिरेतून देण्यात आले. ते प्रभावी असले तरी थेंबाथेंबाने द्यावे लागते आणि रक्तदाबावर सतत लक्ष ठेवावे लागते. प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी ते सोयीचे नव्हते.

प्राझोसिन हे औषध १९७० च्या दशकात उच्च रक्तदाबासाठी वापरात आले. अनुकंपी संस्थेची द्रव्ये रक्तवाहिन्यांवरील ज्या ग्राहींवर बसून त्या आवळतात, त्या अल्फा ग्राहींना प्राझोसिन रोखते. म्हणजेच हे औषध विषाला निष्प्रभ करीत नाही. विषाने सुरू केलेल्या साखळीचा मधला दुवा तोडते. ते गोळीच्या रूपात, अल्प किमतीत आणि गावातील औषधांच्या दुकानातही मिळू शकते. रुग्णाच्या वजनाच्या दर किलोग्रॅममागे ३० मायक्रोग्रॅम अशी त्याची मात्रा रूढ झाली. पहिल्या मात्रेनंतर रुग्ण एकदम उठून उभा राहिला तर रक्तदाब घसरून भोवळ येते व तोल जातो. म्हणून त्याला आडवे ठेवणे हा उपचाराचाच भाग ठरला. डॉ. हिम्मतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा प्राझोसिनवरील लेख १९८६ मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाला.

बावस्कर यांच्या लेखनातील नोंदींनुसार, प्राझोसिनपूर्व काळात गंभीर विंचूदंशातील मृत्यूचे प्रमाण २५ ते ३० टक्क्यांच्या घरात होते; प्राझोसिनचा वापर रूढ झाल्यानंतर ते १ टक्क्याच्या आसपास आले. हा फरक इतका मोठा आहे की त्याचे महत्त्व सांगण्यास संख्याशास्त्राची आवश्यकता भासू नये, असे प्रथमदर्शनी वाटते. तरीही पद्धतीशास्त्राच्या दृष्टीने एक प्रश्न शिल्लक राहतो. पूर्वीचे रुग्ण आणि नंतरचे रुग्ण यांची ही तुलना आहे. मधल्या काळात रस्ते सुधारले, वाहने वाढली, रुग्ण लवकर येऊ लागले, चिकित्सकांचा अनुभव वाढला. यांपैकी कशाचा वाटा किती, हे पूर्वोत्तर तुलनेतून वेगळे काढता येत नाही. हा प्रश्न केवळ महाडपुरता मर्यादित नव्हता. त्याच दोन वर्षांत, १९८२ आणि १९८६ मध्ये, इंग्लंडमधील एका जिल्हा रुग्णालयातून तो वेगळ्या आजाराच्या संदर्भात पुढे आला.

बेसिंगस्टोक : शस्त्रक्रियेचा पुरावा कसा मिळतो?

गुदाशय हा मोठ्या आतड्याचा अखेरचा भाग होय. त्याच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया केल्यानंतरही ओटीपोटात त्याच जागी रोग पुन्हा उद्भवणे, ही त्या काळातील शल्यचिकित्सकांची मोठी चिंता होती. अशी पुनरुद्भवाची प्रकरणे अनेक रुग्णालयांत पाचपैकी एका रुग्णात किंवा त्याहूनही अधिक प्रमाणात आढळत. रोगच आक्रमक आहे, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाई.

बेसिंगस्टोक येथील जिल्हा रुग्णालयातील शल्यचिकित्सक बिल हील्ड यांनी वेगळे स्पष्टीकरण मांडले. गुदाशयाभोवती चरबी, रक्तवाहिन्या आणि लसीका ग्रंथी यांचे एक आवरण असते. त्यास मेसोरेक्टम म्हणतात. कर्करोगाच्या सूक्ष्म वसाहती या आवरणात गाठीपासून दूरवर पसरलेल्या असू शकतात. रूढ पद्धतीत शल्यचिकित्सक हाताने ऊती विलग करीत. त्यात हे आवरण फाटून त्याचा काही भाग आत राहून जाई. गर्भावस्थेतील जडणघडणीमुळे या आवरणाभोवती एक नैसर्गिक प्रतल असते. त्या प्रतलातून, प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहत, धारदार साधनाने संपूर्ण आवरण अखंड काढावे, असे हील्ड यांनी १९८२ मध्ये प्रतिपादन केले. १९८६ मध्ये लॅन्सेटमधील लेखात त्यांनी रोगमुक्तीच्या हेतूने केलेल्या ११५ शस्त्रक्रियांचे निष्कर्ष दिले. त्यांत पाच वर्षांतील स्थानिक पुनरुद्भवाचा अंदाज ३.७ टक्के इतका अल्प होता.

या निष्कर्षांवर शंका घेण्यात आली, आणि ती शंका अनुचित नव्हती. एका कुशल शल्यचिकित्सकाचे यश हे पद्धतीचे यश की हातांचे? निवडक रुग्णांवर शस्त्रक्रिया झाली असेल काय? या प्रश्नांचे उत्तर नवी व जुनी पद्धत चिठ्ठ्या टाकून रुग्णांना वाटून देण्याने मिळाले नाही. जी पद्धत शल्यचिकित्सकास स्पष्टपणे अधिक योग्य दिसते, ती अर्ध्या रुग्णांना नाकारणे अवघड होते. उत्तर दुसऱ्या मार्गाने मिळाले. नॉर्वेत १९९३ पासून राष्ट्रीय प्रकल्पाद्वारे शल्यचिकित्सकांना ही पद्धत शिकविण्यात येऊन प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवण्यात आली. सामान्य रुग्णालयांतील सामान्य हातांनीही पुनरुद्भव कमी होतो, हे अशा नोंदींतून दिसून आले. नेदरलँड्समध्ये १८६१ रुग्णांची मोठी चाचणी झाली व तिचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात सर्वांवर हीच शस्त्रक्रिया करून, त्यापूर्वी अल्पकालीन किरणोपचार द्यावेत की नाही, हा प्रश्न चिठ्ठ्यांद्वारे तपासण्यात आला. दोन वर्षांतील स्थानिक पुनरुद्भव केवळ शस्त्रक्रिया झालेल्या गटात ८.२ टक्के, तर किरणोपचारांसह शस्त्रक्रिया झालेल्या गटात २.४ टक्के आढळला.

येथे एक सूत्र हाती येते. पहिले पाऊल निरीक्षण व शरीररचनेची समज यांचे. दुसरे पाऊल ती पद्धत इतरांच्या हातीही तितकीच उपयुक्त ठरते का, हे पाहण्याचे. आणि तिसरे पाऊल त्या पायावर पुढील प्रश्न नियंत्रित चाचणीने सोडविण्याचे. महाडच्या संशोधनाचा प्रवासही याच क्रमाने झाला. परंतु तो समजून घेण्यापूर्वी एका अडचणीचा विचार करणे आवश्यक आहे.

आपोआप बरे होणाऱ्या आजारांची अडचण

ग्रामीण भागात विंचू उतरविणारे मांत्रिक होते आणि काही ठिकाणी आजही आहेत. मंत्राने, मुळीने किंवा दंशाच्या जागी लावलेल्या लेपाने विंचू उतरला, असा अनुभव सांगणारी माणसे प्रामाणिक असतात. त्यांचा अनुभव खोटा नसतो. त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा असतो. बहुसंख्य दंश पहिल्या श्रेणीचे असतात. त्यांतील वेदना काही तासांत आपोआप ओसरतात. त्या काळात जो उपचार झाला असेल, त्याला यश मिळते. मांत्रिकाचे अपयश दुसऱ्या व तिसऱ्या श्रेणीच्या रुग्णांत असते, आणि त्याचे खापर नशिबावर फुटते. हीच चूक सुशिक्षित चिकित्सकाकडूनही होऊ शकते. सर्व श्रेणींचे रुग्ण एकत्र मोजले तर कोणतेही औषध गुणकारी भासेल. म्हणूनच श्रेणी ठरविणे ही केवळ उपचाराची सोय नव्हती; ती पुराव्याची पूर्वअट होती.

तोलाच्या विकारांच्या क्षेत्रात हीच अडचण अधिक स्पष्टपणे दिसते. अंथरुणात कूस बदलताना किंवा मान वर करून फडताळातील वस्तू काढताना अचानक सारे भोवती फिरू लागते, हा अनुभव अनेक प्रौढांना येतो. अंतर्कर्णात तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. शेजारच्या पिशवीत कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक असतात. ते सुटून नलिकेतील द्रवात शिरले, की डोके हलविताना ते घरंगळतात, द्रव हलवितात आणि मेंदूला नसलेल्या गतीचा संदेश मिळतो. डिक्स व हॉलपाइक यांनी १९५२ मध्ये या विकाराचे निदान करण्याची रीत सांगितली होती. रुग्णाला एका विशिष्ट स्थितीत झटकन आडवे केले असता त्याचे डोळे ठराविक प्रकारे थरथरतात, हे तिचे सार होय.

अमेरिकेतील पोर्टलंड येथील कर्णतज्ज्ञ जॉन एपली यांनी यावरून साधा विचार केला. स्फटिक घरंगळत असतील, तर डोके क्रमाने ठराविक दिशांना वळवून ते नलिकेतून पुन्हा पिशवीत नेता येतील. ना औषध, ना शस्त्रक्रिया. काही मिनिटांची हालचाल. एपली यांनी ही रीत १९८० मध्ये व्यावसायिकांसमोर मांडली, तेव्हा तिच्याकडे अविश्वासाने पाहिले गेले. त्यांचा सविस्तर लेख १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी पार्न्स व मॅक्ल्युअर यांनी, शस्त्रक्रियेच्या वेळी नलिकेत तरंगणारे कण प्रत्यक्ष दिसल्याचे नोंदविले.

परंतु हा विकारही अनेकदा आपोआप बरा होतो. एपली यांचे रुग्ण हालचालीने बरे झाले की काळाने? या प्रश्नाचे उत्तर नुसती रुग्णसंख्या वाढवून मिळाले नसते. काही रुग्णांना खरी हालचाल आणि काहींना तशीच भासणारी निरुपयोगी हालचाल देऊन तुलना करावी लागली. अशा ११ चाचण्यांचा, एकूण ७४५ रुग्णांचा, एकत्रित आढावा कॉक्रेन संस्थेने २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. चक्कर पूर्णपणे थांबण्याचे प्रमाण तुलनागटात २१ टक्के, तर एपली रीतीच्या गटात ५६ टक्के आढळले. तुलनागटातील हे २१ टक्के विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहेत. तुलनागट नसता तर या रुग्णांचे श्रेयही हालचालीलाच मिळाले असते.

महाडची चाचणी

प्राझोसिनने मृत्यू घटले, तरी विष शरीरात राहतच असे. रुग्णाला बरे होण्यास अनेक तास लागत आणि तोवर त्याच्याजवळ जागे राहावे लागे. दरम्यान, लाल विंचवाच्या विषावरील प्रतिविष मुंबईच्या हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाकडून उपलब्ध झाले होते. प्राझोसिनला प्रतिविषाची जोड द्यावी काय, हा आता प्रश्न होता. त्यात दोन्ही बाजूंनी शक्यता होत्या. प्रतिविष प्राण्यांच्या रक्तरसापासून बनते. त्याची प्रतिक्रिया येऊ शकते, ते महाग असते आणि सर्वत्र मिळत नाही. लाभ निश्चित नसताना ते देणे रुग्णाच्या हिताचे नव्हते; लाभ असताना न देणे हेही नव्हते.

डॉ. हिम्मतराव व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाड येथील आपल्या रुग्णालयात या प्रश्नासाठी यादृच्छिक नियंत्रित चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाले. दुसऱ्या श्रेणीच्या ७० रुग्णांची निवड करून ३५-३५ चे दोन गट करण्यात आले. कोण कोणत्या गटात जाईल, हे चिकित्सकाच्या इच्छेवर न ठेवता यादृच्छिक पद्धतीने ठरविण्यात आले. एका गटाला केवळ प्राझोसिन, तर दुसऱ्या गटाला प्राझोसिन व प्रतिविष देण्यात आले. दहा तासांत सर्व लक्षणे पूर्णपणे नाहीशी होण्याचे प्रमाण प्रतिविषाच्या गटात ९१.४ टक्के, तर केवळ प्राझोसिनच्या गटात २२.९ टक्के आढळले. बरे होण्याचा सरासरी काळ अनुक्रमे ८ तास आणि १७.७ तास होता.

या चाचणीतील एका तपशिलाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. तुलनागटाला कोणताही उपचार नाकारण्यात आला नव्हता. प्राझोसिन सर्वांनाच मिळाले. अनिश्चित होता तो अतिरिक्त उपचार, आणि चिठ्ठी टाकली गेली ती केवळ त्यासाठी. नेदरलँड्समधील चाचणीत सर्वांवर उत्तम शस्त्रक्रिया करून केवळ किरणोपचारांचा प्रश्न तपासण्यात आला, त्याचेच हे प्रतिरूप होय. ज्ञात हित कोणालाही नाकारायचे नाही आणि अज्ञाताचीच परीक्षा घ्यायची, हा अशा चाचण्यांचा नैतिक पाया आहे.

या चाचणीच्या मर्यादाही आहेत. ती एकाच रुग्णालयात झाली, रुग्णसंख्या मर्यादित होती आणि कोणाला काय दिले हे चिकित्सकांना ठाऊक होते. अशा वेळी लक्षणे नाहीशी झाली की नाही, हे ठरविताना नकळत कल राहू शकतो. त्यामुळे अन्यत्र होणारी पुनर्तपासणी महत्त्वाची ठरते. पुदुच्चेरी येथील जिपमर संस्थेत लहान मुलांवर अशीच चाचणी झाली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांतही प्रतिविषाची जोड दिलेली मुले लवकर बरी झाल्याचे आढळले. बेसिंगस्टोकची पद्धत नॉर्वेतील हातांनी टिकली, तसा महाडचा निष्कर्ष पुदुच्चेरीत टिकला.

पुराव्याची भूमी

बाहेरच्या जगातील पुरावा या प्रश्नावर एकमुखी नाही. ट्युनिशियातील ८२५ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाले. त्यात विंचूदंशाच्या रुग्णांना सरसकट प्रतिविष दिल्याने लाभ होत नसल्याचे दिसले. याउलट, अमेरिकेतील अॅरिझोना येथे गंभीर लक्षणांच्या केवळ १५ मुलांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, प्रतिविष मिळालेली आठही मुले चार तासांत बरी झाली. तुलनागटातील सातांपैकी एकच मूल त्या वेळेत बरे झाले.

८२५ रुग्णांचा निष्कर्ष एक आणि १५ रुग्णांचा दुसरा. तेव्हा मोठ्या आकड्यावर विश्वास ठेवावा, असे साध्या गणिताने वाटेल. परंतु या चाचण्यांतील विंचू वेगळे, विष वेगळे, प्रतिविष वेगळे आणि रुग्णांची निवडही वेगळी होती. ट्युनिशियात तीव्रता कितीही असली तरी दंशाचे रुग्ण चाचणीत घेण्यात आले. अॅरिझोनात आणि महाडमध्ये विशिष्ट लक्षणांचेच. सौम्य दंश आपोआप बरा होत असल्याने सर्वांना एकत्र मोजल्यास लाभ झाकला जाऊ शकतो. शिवाय अॅरिझोनातील विंचवाचा प्रभाव प्रामुख्याने स्नायू व डोळ्यांच्या हालचालींवर दिसतो, तर कोकणातील विंचवाचा हृदयावर. म्हणून ट्युनिशिया किंवा अॅरिझोना येथील निष्कर्ष दासगावच्या रुग्णाला जसाच्या तसा लागू होत नाही. कोकणातील विंचवाविषयीचा प्रश्न कोकणातच सोडविणे भाग होते. महाडमध्ये झालेले संशोधन हे मोठ्या केंद्रातील संशोधनाचा पर्याय नव्हते; ते अन्यत्र होऊच शकले नसते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, संशोधनाचा प्रश्न ज्या ठिकाणी उद्भवतो, त्या ठिकाणीच त्याचे सर्वांत बारकाईचे निरीक्षण शक्य असते. बिरवाडीचे आरोग्य केंद्र, बेसिंगस्टोकचे जिल्हा रुग्णालय आणि पोर्टलंडमधील खाजगी व्यवसाय ही तीनही ठिकाणे प्रस्थापित विद्याकेंद्रांच्या परिघावरची होती. दुसरी, निरीक्षण कितीही सूक्ष्म असले तरी ते पुरावा ठरण्यासाठी तुलना आवश्यक असते. विशेषत: जे आजार अंशत: आपोआप बरे होतात त्यांच्या बाबतीत. तिसरी, तुलनेचा मार्ग प्रश्नानुसार बदलतो. कोठे राष्ट्रीय नोंदवही, कोठे भासमान उपचार, तर कोठे ज्ञात उपचारावर अज्ञाताची जोड. चौथी, पुरावा स्थलसापेक्ष असू शकतो आणि तो अन्य ठिकाणी पुन्हा तपासल्यानेच बळकट होतो.

डॉ. बावस्कर यांना २०२२ मध्ये पद्मश्री हा सन्मान जाहीर झाला. तथापि, या संशोधनाचे खरे मोजमाप पुरस्कारात नाही. पावसाळ्यात सावित्रीला पूर येऊन किंवा दरड कोसळून रस्ता बंद होतो, तेव्हा दासगावसारख्या गावातील दंश झालेल्या मुलाला मोठ्या शहरात नेणे शक्य नसते. त्या रात्री हातपाय गार पडल्याचा अर्थ ओळखणारा एक माणूस आणि प्राझोसिनची एक गोळी जवळ असणे, हाच जगणे व न जगणे यांतील फरक ठरतो.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने या इतिहासाचे महत्त्व वैद्यकशास्त्रापुरते सीमित नाही. ग्रामीण महाविद्यालयातील संशोधनाचे विषय अनेकदा दूरच्या ग्रंथांतून निवडले जातात आणि परिसरातील प्रश्न क्षुल्लक मानले जातात. एका तालुक्यातील मृत्यूंच्या नोंदी काटेकोरपणे ठेवल्याने जगातील अग्रगण्य नियतकालिकांना दखल घ्यावी लागली, हे महाडचे उदाहरण सांगते. त्यासाठी लागलेली सामग्री अल्प होती. नोंदींतील सातत्य, आपल्याच यशाविषयी शंका घेण्याची तयारी आणि तुलनेविना निष्कर्ष न काढण्याची शिस्त, ही तिच्यातील मुख्य साधने होती. ती कोणत्याही विद्याशाखेस आणि कोणत्याही गावातील महाविद्यालयास उपलब्ध आहेत.